पुन्हा एकदा ‘संत तुकाराम’ : प्रस्तावना

ज्या कथेचा शेवट आपणास पूर्वीच ठाऊक आहे, जिच्यातील प्रत्येक वळण परिचयाचे झालेले आहे, आणि जिच्यातील पदे तर लहानपणापासून कानांवर पडून पडून ओठांवर बसलेली आहेत, असा एखादा चित्रपट माणसे पुन्हा पुन्हा जाऊन का पाहतात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. आणि तो क्षुल्लक वाटतो म्हणूनच की काय, चित्रपटांवर लिहिणाऱ्या आपल्याकडील बहुतेक मंडळींनी त्याकडे काणाडोळा केला आहे. परीक्षण लिहिणारा चित्रपट एकदाच पाहतो, आणि तोही पुष्कळदा घाईने. त्याची जबाबदारी कथानक सांगून गुणदोषांचा निवाडा दिला की संपते. उलट ज्याला एखाद्या चित्रपटाचा छंद जडला आहे त्याला कथानक सांगण्याची गरज नसते, निवाडा देण्याची उत्सुकता नसते, आणि आपण पुन्हा का जातो याचे कारण कोणी विचारलेच, तर ‘आवडतो’ या एका शब्दापलीकडे तो सहसा जात नाही. या दोघांच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, तीत बसून प्रस्तुत पुस्तक लिहिलेले आहे. त्याचा विषय एकच चित्रपट आहे : ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’.

महाराष्ट्रात तरी या प्रश्नाचे एक उत्तर तयार आहे असे कोणी म्हणेल. आमच्या गावोगावच्या देवळांतून शतकानुशतके जी कीर्तने झाली, त्यांतील आख्यान कोणते लागणार हे श्रोत्यांस आधीच कळलेले असे. हरिश्चंद्राचे पुढे काय होते, किंवा दामाजीपंतांची कोठारे रिती झाल्यावर बादशहाच्या दरबारी पैसे कोण भरतो, हे ठाऊक नसलेला श्रोता मंडपात शोधूनही सापडला नसता. तरी माणसे येत, पूर्वरंग संपेपर्यंत डुलक्या घेत, आणि उत्तररंगाला सावरून बसत. कथा कळणे आणि कथेचा आस्वाद घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे या समाजाला कोणी शिकवावे लागले नाही. परंतु हा दाखला जितका सोयीचा आहे तितकाच अपुराही आहे. कीर्तनकार जिवंत असतो. आजचा बुवा कालच्यासारखा नसतो, कालची कोटी आज पडते, आणि समोरचा श्रोतृवृंद पाहून तो आख्यान लांबवतो वा आवरते घेतो. चित्रपटाची गोष्ट तशी नाही. फितीवर जे एकदा उमटले ते उमटले. १९३६ साली तुकारामाची भूमिका करणाऱ्या पागनिसांनी ज्या क्षणी मान किंचित वर केली, त्याच क्षणी ती आजही वर होते. तेव्हा पुनःपुन्हा पाहण्यात नवे काय हाती लागते हा प्रश्न कीर्तनाच्या दाखल्याने सुटत नाही, तो उलट अधिक नेमका होतो.

दुसरे एक उत्तर याहूनही सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणून मला ते संशयास्पद वाटते. ते असे की, चित्रपट तोच असला तरी पाहणारा तो राहात नाही; वय वाढते, संसार अंगावर पडतो, दुःखे भोगून होतात, आणि म्हणून जुन्या चित्राचा नवा अर्थ लागतो. हे खोटे नाही. परंतु एवढेच खरे असते तर कोणताही चित्रपट वीस वर्षांनी पाहावा आणि तो आपोआप थोर ठरावा असे झाले असते. अनुभव याच्या विरुद्ध आहे. तरुणपणी ज्यांच्यासाठी आपण तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो असे कितीतरी चित्रपट पुढे पाहवत नाहीत, आणि त्या वेळी आपण त्यांत काय पाहिले होते याचे नवल वाटते. तेव्हा पुन्हा पाहण्याजोगेपणा हा पाहणाऱ्याच्या वयाचा गुण नव्हे, तो त्या कृतीचाच गुण असला पाहिजे, आणि तो कृतीत कोठे, कोणत्या जागी, कोणाच्या हातून शिरला हे दाखविता आले पाहिजे. हे पुस्तक म्हणजे तसे दाखविण्याचा एक प्रयत्न आहे. आणि त्यातील मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगून टाकणे बरे. पहिल्यांदा पाहताना ‘संत तुकाराम’ हा तुकारामाचा आणि त्याच्या विठ्ठलाचा चित्रपट वाटतो. पुन्हा पुन्हा पाहू लागले की तो हळूहळू त्याच्या बायकोचा, जिजाईचा होत जातो. चमत्कारांची किंमत दर खेपेस थोडी उतरते, आणि घरातल्या व्यवहाराची चढते.

आता या चित्रपटाच्या घडणीविषयी जे सर्वश्रुत आहे ते थोडक्यात सांगतो. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरास १ जून १९२९ रोजी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या तालमीत तयार झालेले. १९३३ साली कंपनी आपला सारा सरंजाम घेऊन पुण्यास आली. विष्णुपंत दामले हे यंत्रांत रमणारे, ध्वनिमुद्रणाचे जाणकार. शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, ते कलादिग्दर्शक, रंग आणि पडदे यांचे धनी. या दोघा कारागिरांनी मिळून ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, कॅमेरा व्ही. अवधूत यांचा. चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात १९३६च्या डिसेंबरात लागला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ, सत्तावन्न आठवडे, चालला. पुढील साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. व्हेनिसच्या त्या गौरवाचा उल्लेख आपल्याकडे जेवढ्या अभिमानाने होतो, तेवढ्या अभिमानाने सत्तावन्न आठवड्यांचा होत नाही; वस्तुतः विचार करण्याजोगा आकडा तोच आहे. एवढे आठवडे एकाच थिएटरात केवळ नवे प्रेक्षक येत राहतील हे संभवत नाही. आलेली माणसे परत येत होती, आणि येताना घरची, शेजारची, गावाकडची माणसे बरोबर आणीत होती. हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा प्रघात जाणकारांनी पाडलेला नाही. तो गिरणगावाने आणि बाजाराच्या दिवशी गाड्या जुंपून तंबूतल्या खेळाला येणाऱ्या खेड्यांनी पाडला, व जाणकार त्यात बऱ्याच उशिरा सामील झाले. पुण्यातील प्रभातच्याच आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली, तेव्हा तेथे शिकलेल्या कुमार शहानींसारख्या दिग्दर्शकाने पुढे प्रभातच्या संतपटांवर आस्थेने लिहावे, यात एक प्रकारचा न्याय आहे.

चित्रपटाचा आरंभच पुनरावृत्तीने होतो, ही गोष्ट पहिल्या खेपेस ध्यानात येत नाही. आरंभी तुकाराम पांडुरंगाचा अभंग गात बसलेला दिसतो. डोळे अर्धवट मिटलेले, आवाजात चढउतार बेताचा, शब्द स्वच्छ, आणि सूर असा की समोर कोणी ऐकणारा आहे की नाही याची गाणाऱ्यास खबर नसावी. लागलीच तेच पद आपण देवळात तुकारामाचा प्रतिस्पर्धी सालोमालो याच्या तोंडून ऐकतो. आणि तेथे ताना आहेत, मुरक्या आहेत, हातवारे आहेत, वाहवा घेण्यासाठी केलेली ती क्षणभराची थांबण्याची लकब आहे. शब्द एकाचे, चाल त्याचीच, आणि तरी पद दुसरे. नवखा प्रेक्षक येथे हसतो, कारण सालोमालो हे पात्र हास्यास्पद आहे, आणि श्री. भागवतांनी ते मनसोक्त रंगविले आहे. परंतु पुढे पाहता पाहता कळू लागते की केशवराव भोळ्यांनी येथे एका गायनपद्धतीवर टीका केली आहे, आणि ती टीका करणारा मनुष्य त्या काळच्या संगीत रंगभूमीशी पुरता परिचित होता. १९३६ सालच्या मराठी श्रोत्याचा कान नाट्यपदांवर पोसलेला होता. त्या कानाला प्रथम अभंग द्यायचा, मग त्याचेच नाटकी रूप द्यायचे, आणि निवड त्याच्यावर सोपवायची, हे धाडस चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत झालेले आहे. आणखी एक योगायोग असा की, हा धडा ज्यांच्या गळ्यातून दिला ते विष्णुपंत पागनीस स्वतः रंगभूमीवरून आलेले, तेथे स्त्रीभूमिका केलेले नट. ज्या अलंकारांचा त्याग येथे करावयाचा ते त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. त्यागाला मोल येते ते यामुळे.

पागनिसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बरेचसे भाविकतेने भरलेले आहे. लोक त्यांच्या पाया पडत, पडद्यापुढे चपला काढून बसत, अशा कथा सांगितल्या जातात, आणि त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. परंतु या कथांनी एक अपाय केला : पागनिसांचा अभिनय हा अभिनय नव्हेच, ती साक्षात भक्तीच होती, असे म्हणण्याची प्रथा पडली, आणि मग त्याकडे बारकाईने पाहण्याचे कारणच उरले नाही. बारकाईने पाहिले तर त्यात कारागिरी दिसते, आणि ती उत्तम प्रतीची दिसते. बोलणे संपून गाणे कोठे सुरू झाले ते सांगता येत नाही, ही त्यातील पहिली गोष्ट. त्या काळच्या इतर बोलपटांत गाणे येण्यापूर्वी पात्र सावरून उभे राहते, कॅमेरा थबकतो, वाद्ये सुरावट देतात, आणि प्रेक्षक ‘आता पद’ म्हणून सरसावतो. येथे तुकारामाच्या वाक्यालाच लय येते, ती लय पुढे ओवीत मिसळते, आणि आपण पदाच्या मध्यावर असतो तेव्हा ते सुरू झाल्याचे ध्यानात येते. दुसरी गोष्ट म्हणजे दृष्टी. रागावलेल्या बायकोकडे, उपहास करणाऱ्या पंडिताकडे, नजराणा घेऊन आलेल्या राजाच्या माणसांकडे पागनीस एकाच तऱ्हेने पाहतात; त्या पाहण्यात तुच्छता नसते आणि लाचारीही नसते, किंचित आश्चर्य तेवढे असते, आपल्याशी कोणी एवढे मनावर घेऊन का बोलत आहे याचे. ही दृष्टी धरून ठेवणे फार कठीण आहे. संतांच्या भूमिका करणाऱ्या पुढच्या कित्येक नटांच्या चेहऱ्यावर तिच्या ठिकाणी एक मंद, क्षमाशील स्मित येऊन बसले आणि त्याने आमचे संतपट बिघडविले.

येथे कवी शांताराम आठवले यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बीजापासून वृक्ष आणि वृक्षापासून पुन्हा बीज, असा विचार मांडणारे जे पद या चित्रपटात आहे ते तुकारामाचे नव्हे. ते आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिले. अभंगाची ठेवण त्यांनी इतकी अचूक उचलली की, ते गाथेतलेच आहे असा समज करून घेणारे त्या काळी पुष्कळ निघाले आणि आजही निघतात. ज्या चित्रपटाचा खलनायक सालोमालो दुसऱ्याच्या अभंगांवर आपली नाममुद्रा लावतो, त्याच चित्रपटात एका कवीने आपले पद तुकारामाच्या पदरात घालून स्वतः बाजूला व्हावे, ही उलटापालट कोणी मुद्दाम योजली असेल असे वाटत नाही. परंतु ती एकदा कळल्यावर ते पद पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

आता चमत्कारांकडे वळतो. तुकारामाचे चरित्र आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः महिपतीच्या हातून. ताहराबादच्या या कुळकर्ण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ लिहून संतांच्या आख्यायिकांचे जणू दप्तरच लावून ठेवले, आणि कीर्तनकारांनी, नाटककारांनी व शेवटी चित्रपटवाल्यांनी त्या दप्तरातून नकला काढल्या. राखणीच्या शेताची हानी भरून निघते, बुडविलेली गाथा इंद्रायणी परत देते, शिवाजीला पकडायला आलेल्या शिपायांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, आणि अखेरीस गरुडावरून वैकुंठास प्रयाण होते : हे सारे चित्रपटात आहे, आणि प्रभातच्या कारागिरांनी त्यावर मनापासून मेहनत घेतली आहे. त्या काळच्या प्रेक्षकाने श्वास रोखून ते पाहिले असणार. पण दुसऱ्या खेपेस शिवाजी किती होणार हे आपल्याला ठाऊक असते. तिसऱ्या खेपेस छायाचित्रे एकावर एक कशी बसविली असतील याचा विचार मनात येतो. आणि त्यापुढे आपण त्या प्रसंगी पडद्याच्या कडेला बसलेल्या श्रोत्यांचे चेहरे न्याहाळू लागतो. आश्चर्य हा एकदाच खर्च होणारा ऐवज आहे. याचा अर्थ ते प्रसंग निष्फळ आहेत असा नव्हे. ते गाळले तर आख्यान उभेच राहणार नाही. परंतु चित्रपट त्यांच्या बळावर टिकलेला नाही, आणि एवढ्या वर्षांनी हे निःशंकपणे म्हणता येते.

तो टिकला आहे तो जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरीच्या बळावर. या बाईंचे नाव जाहिरातीत पागनिसांच्या खाली असे, आणि त्यापूर्वी प्रभातमध्ये त्या किरकोळ कामे करीत. परंपरेने जिजाईला, तुकारामाच्या या दुसऱ्या पत्नीला, आवली म्हटले आणि कजाग, तोंडाळ बाई म्हणून तिला बदनाम करून ठेवले. संत जितका शांत तितकी त्याची बायको कर्कशा दाखवावयाची, म्हणजे संताची शांती उठून दिसते, असा हा जुना हिशेब. वाशीकरांनी आणि दामले-फत्तेलालांनी तो हिशेब मोडला. त्यांची जिजाई बडबडते, कडाडते, विठोबाला ‘काळ्या’ ठरवून त्याचा उद्धार करते, हे सर्व परंपरेप्रमाणेच. परंतु ती जे बोलते त्यातील शब्दन् शब्द खरा आहे, आणि चित्रपटाला तो खरा आहे हे मान्य आहे. घरात दाणा नाही. मुले दोन. नवऱ्याने दुकान बुडविले आहे आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. या परिस्थितीत घरातल्या एका माणसाने तरी दाण्यांची गणती ठेवली पाहिजे, आणि ती जिजाई ठेवते.

तिची स्वतःची भक्ती आहे. मंगळाई हे तिचे दैवत, आणि त्या देवीवर तिचा हक्क आहे तसा विठोबावर नाही, कारण विठोबा हा तिच्या दृष्टीने घर फोडणारा परका. तिची म्हैस आहे. या म्हशीशी ती ज्या स्वरात बोलते तो स्वर नवऱ्याशी बोलताना कधी लागत नाही. आणि तरीही पुन्हा पाहताना लक्षात येते की, नवऱ्यावर ओरडताना तिचे हात थांबलेले नसतात. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. रंगभूमीवरील नटी भांडताना भांडण करते. गौरी भांडताना काम करते. शब्दांचा सपाटा चालू असतो, पण पदर खोचलेला, पोराला एका हाताने ओढलेले, नजर चुलीकडे. राग हा तिच्या दिवसातील एक काम आहे, इतर कामांच्या बरोबरीने उरकावयाचे. असे करायला दिग्दर्शकाने सांगून भागत नाही. जिचा देह कष्टाला सरावलेला आहे अशाच बाईला हे जमते, आणि गौरीला ते जमले म्हणून तिच्या रागात कोठेही आततायीपणा येत नाही.

मुलाच्या दुखण्याचा प्रसंग याच दृष्टीने पाहावा. मूल आजारी आहे, बाप भजनात आहे. तेव्हा ही बाई पायताण हाती घेऊन, मुलाला ओढीत देवळात शिरते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. पहिल्यांदा पाहताना या प्रसंगाला थिएटरात हशा पिकतो, थोडी भीतीही वाटते, आणि मूल बरे झाले की देवाचा चमत्कार झाला म्हणून माणसे हात जोडतात. परंतु हा प्रसंग जितक्या वेळा पाहावा तितका तो चमत्काराकडून फिर्यादीकडे झुकतो. जिजाई तेथे प्रार्थना करीत नाही. ती देवाला कसुरीबद्दल जबाबदार धरते : माझा नवरा तू घेतलास, त्याची चाकरी तू घेतोस, तर त्याच्या पोराच्या जिवाची हमी कोणाची? हा सवाल तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. साऱ्या चित्रपटात विठ्ठलापुढे इतका रोकडा युक्तिवाद दुसऱ्या कोणी केलेला नाही. गाथा बुडविण्याचा हुकूम देणाऱ्या रामेश्वर शास्त्र्याने शास्त्रांचे दाखले दिले, सालोमालोने खोटा पुरावा उभा केला, पण त्यांचे वाद तुकारामाशी होते. देवाशी समोरासमोर उभी राहिली ती ही एकटी, आणि तिची भक्ती ती हीच, हे चित्रपट न बोलता सांगतो. आमच्या संतवाङ्मयात देवाशी भांडण्याचा अधिकार भक्ताला आहे. तुकारामाने तो मनसोक्त वापरला. येथे तो अधिकार, अभंग न रचणाऱ्या आणि विठोबाला न मानणाऱ्या बाईच्या हाती जातो.

नजराण्याच्या प्रसंगीही हेच घडते. शिवाजी राजाकडून आलेली वस्त्रे-आभूषणे घरात येतात. संताचे वैराग्य सिद्ध व्हावे म्हणून ती परत जाणार, हे आख्यान ऐकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्या खेपेस आपले लक्ष परत करणाऱ्याकडे असते, आणि त्याच्या निरिच्छपणाने आपण दिपून जातो. पुन्हा पाहणारा मात्र त्या मधल्या थोड्या अवधीकडे पाहतो, ज्यात त्या घरातल्या माणसांनी जन्मात प्रथमच अंगावर चांगले वस्त्र घातले. तो आनंद खोटा नाही, हावरा नाही, आणि दिग्दर्शकांनी त्याची टवाळीही केलेली नाही. तुकारामाचे बरोबर आहे. पण त्याच्या बरोबर असण्याची किंमत कोणी दिली हे पडद्यावर स्पष्ट दिसते, आणि ते दिसू देण्यात या दोन दिग्दर्शकांचे मोठेपण आहे. केवळ भाविक मनुष्याने हा प्रसंग घाईने आटोपला असता; केवळ सुधारक मनुष्याने तुकारामाला दोषी ठरविले असते.

गाथा बुडविण्याच्या हुकुमाविषयी पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. शूद्राने वेदांचा अर्थ सांगावा काय, हा तेथला वाद आहे, आणि १९३६ सालच्या महाराष्ट्रात तो केवळ सतराव्या शतकातला वाद नव्हता. आदल्याच वर्षी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती. चित्रपट त्या वादळाचे नावही घेत नाही. तो रामेश्वर शास्त्र्याला व्याधी जडवतो, त्याला पश्चात्ताप घडवतो आणि तुकारामाचा शिष्य करून मोकळा होतो. मूळ प्रश्न होता तेथेच राहतो. महिपतीच्या आख्यानात ही सोडवणूक शोभते, पण प्रभातच्या वास्तववादी देहूत ती मला नेहमीच उरकल्यासारखी वाटत आली आहे, आणि पाहण्याच्या सवयीने ती सुधारत नाही, अधिक खुपते. तसेच सालोमालोने तुकारामाला मोहात पाडण्यासाठी पाठविलेल्या गणिकेचे प्रकरण : ते लांबले आहे, आणि ज्या नाटकी गायनावर आरंभी टीका केली त्याचाच आनंद पिटाला देण्याची सोय तेथे केलेली दिसते. वैकुंठगमनाच्या गरुडाविषयी न बोललेले बरे. पुन्हा पुन्हा पाहण्याने चित्रपटाचे दोष झाकले जातात हा समज चुकीचा आहे. दोषही गुणांइतकेच पाठ होतात, आणि कोठे पाय घसरणार हे ठाऊक असल्याने आपण त्या जागी थोडे सावध होऊन बसतो, इतकेच.

मात्र त्या गरुडाच्या प्रसंगातही एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी बाकीचे सारे पत्करावे. तुकाराम पत्नीला आपल्याबरोबर चल म्हणतो, आणि ती येत नाही. मुले आहेत, त्यांचे कोण पाहणार, हे तिचे उत्तर. आख्यानाच्या दृष्टीने ही तिची मायेत गुंतलेली अज्ञ अवस्था. वैकुंठ दाराशी आलेले असताना संसार न सोडणारी बाई. परंतु जो प्रेक्षक तोपर्यंतचा सारा चित्रपट तिच्या बाजूने पाहात आला आहे, त्याला हे उत्तर अज्ञानाचे वाटत नाही. साऱ्या चित्रपटभर दाण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने शेवटीही हिशेबच केला, आणि तो चुकला असे म्हणण्याची छाती मला तरी होत नाही. दिग्दर्शकांना हा अर्थ अभिप्रेत होता काय? असावा असे मला वाटते, पण तो सिद्ध करण्याचा आग्रह नाही. त्यांनी गौरीकडून ते वाक्य कोणत्याही मोहाशिवाय, रोजच्या बोलण्याच्या सुरात म्हणवून घेतले; एवढे पडद्यावर आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे सांगतो. प्रकरणे चित्रपटाच्या क्रमाने लावलेली नाहीत; ज्या क्रमाने एखादा चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यापुढे उलगडतो त्या क्रमाने ती लावण्याचा यत्न केला आहे. म्हणजे प्रथम चमत्कार, मग संगीत, मग पागनीस, मग देहूचे घर व त्यातील भांडीकुंडी, वह्या, जनावरे, आणि त्यानंतर जिजाई. ज्यांनी चित्रपट पाहिलेलाच नाही त्यांनी हे पुस्तक मिटून आधी तो पाहावा. आता तो पाहण्यास तंबू लागत नाही, थिएटरही लागत नाही, घरबसल्या खिशातल्या यंत्रावर तो मिळतो. फक्त, शक्य असल्यास, चारचौघांत पाहावा. देवळातील पायताणाच्या प्रसंगी शेजारचा मनुष्य हसतो की गप्प होतो हे कळल्यावाचून त्या प्रसंगाचे अर्धे स्वारस्य हाती येत नाही. अभंगांचे पाठ मी दिलेले नाहीत. गाथा प्रत्येक मराठी घरात नसली तरी प्रत्येक गावात आहे.

सालोमालोवरील प्रकरण शेवटी ठेवले आहे, आणि ते इतरांपेक्षा लांबले आहे. ज्याचा उल्लेख खुद्द तुकारामाच्या गाथेत येतो असा हा मनुष्य इतका निव्वळ हास्यास्पद असेल यावर माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्याचा अभंग त्याला चोरावासा वाटला याचा अर्थ तो चांगला आहे हे त्याला इतर देहूकरांच्या आधी कळले होते. गावातला पहिला रसिक कदाचित तोच असेल. श्री. भागवतांच्या अभिनयात या शक्यतेची एकदोन चिन्हे मला दिसली आहेत. ती खरोखर तेथे आहेत की पुष्कळदा पाहून पाहून मीच ती तेथे ठेवली आहेत, याचा निर्णय वाचकांनी चित्रपट समोर ठेवून करावा.